लाल दिवा अंगावर काढू नका

लाल दिव्याची गाडी म्हटली की पूर्वी आपल्याला मंत्री आठवत. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे ते दिवे बंद झाले. त्यानंतर वर्षभराने, 2018 च्या मे महिन्यात, आमच्या गाडीत लाल दिवा लागला. तो टपावर नव्हता. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढा होता. मंत्र्यांचा दिवा सगळ्यांना दिसायचा. आमचा फक्त आम्हाला दिसत होता, आणि आम्ही तो घरात कोणाला दाखवला नाही. त्याचीच ही हकीकत.

गाडी जुनीच घेतली होती. बारा वर्षे चाललेली, एक लाख दहा हजारांची. त्यात आमचा बोनस होता, मुलांच्या आईची भिशी होती आणि थोरल्या मुलाने सुट्टीत एका दुकानात काम करून साठवलेले नऊ हजार होते. हौस म्हणून घेतली असे कोणी म्हणेल, पण खरे कारण आमची आई. तिचे गुडघे गेलेले. एस.टी.ची पायरी तिला चढवत नसे. कल्याणच्या आमच्या चाळीसमोर गाडी उभी राहिली त्या संध्याकाळी आई खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसली होती. आमच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या. त्यामुळे ती काय बघत होती, हे आम्हाला न सांगता कळले.

मनमाडला पुतणीचे लग्न होते. त्याच्या पंधरा दिवस आधी वळणावर तो दिवा एकदा लागला आणि विझला. दोन दिवसांनी चढावर लागला. एका मिस्त्रीला दाखवले. तो म्हणाला, "साहेब, कूलंट कमी झालंय. रेडिएटर खालून झिरपतोय. साडेतीन हजार लागतील." साडेतीन हजार! आहेराचे पैसे वेगळे काढून ठेवले होते, त्यांनाच हात लावावा लागला असता. आम्ही म्हटले, लग्न झाल्यावर बघू. मग दर दोन-तीन दिवसांनी सगळे उठायच्या आत नळाचे पाणी बाटलीत भरायचे आणि गाडीच्या टाकीत ओतायचे, असा क्रम सुरू झाला. दिवा विझायचा, आणि आम्हाला वाटायचे, चला, निभावले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. पुढे थोरला मुलगा, मागे आई, मुलांची आई आणि धाकटी मुलगी. पडघा, शहापूर, खर्डी मागे पडले. कसारा घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. पुढे मालाने भरलेले ट्रक, आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. दिवा लागला. या वेळी विझेना.

मुलांच्या आईने मागून विचारले, "अहो, तो लाल दिवा कसला?"

आम्ही म्हणालो, "काही नाही गं, जुनी गाडी आहे. असाच लागतो."

पाच मिनिटांत गरमीचा काटा वर सरकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. कशीबशी गाडी कडेला घेतली. आम्ही आईला उतरवत होतो, तेवढ्यात मुलगा हातात फडके घेऊन बॉनेट उघडून उभा राहिला. त्याला काय माहीत! आम्ही त्याला कधी काही सांगितलेच नव्हते. पुढे एक ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर ओरडत धावला, "ए भाऊ, हात लावू नको!" पण झाकण अर्धे फिरले होते. उकळते पाणी उसळले आणि पोराच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आले.

तो ओरडला, तो आवाज आजही कानात आहे.

ड्रायव्हरने केबिनमधून पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन काढला. आम्ही वेड्यासारखे म्हणालो, "इंजिनात घालायचं का?" त्याने आमच्याकडे असे बघितले की मान खाली गेली. "गाडी गेली खड्ड्यात, आधी पोराचा हात बघा," म्हणाला. त्याने मुलाचे घड्याळ काढले आणि हातावर बारीक धार धरली. चांगली वीस मिनिटे धरली. आमच्या आईने पिशवीतली टूथपेस्ट काढली, तीही त्याने लावू दिली नाही. स्वच्छ ओढणी सैल गुंडाळली आणि एक जीप थांबवून मुलाला त्याच्या आईसोबत इगतपुरीला दवाखान्यात पाठवले. आई आणि धाकटी दुसऱ्या एका कुटुंबाच्या गाडीतून पुढे गेल्या. आम्ही रस्त्यावर राहिलो.

इंजिन थंड व्हायला तास लागला. तो भला माणूस आमच्याजवळ थांबला. म्हणाला, "काका, कुकरची वाफ गेल्याशिवाय तुम्ही घरात झाकण उघडता का? हा पण कुकरच आहे." त्या एका वाक्यात आम्हाला सगळे यंत्र समजले. साधे पाणी शंभर अंशांना उकळते. गाडीच्या बंद नळ्यांमध्ये दाब असतो, म्हणून आतले पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि ते एकदम उसळते.

पाणी घातले, गाडी सुरूही झाली, पण मागून पांढरा धूर येऊ लागला. शेवटी टोचन करून घोटीच्या गॅरेजात नेली. गॅस्केट गेली होती, हेड वाकले होते. बिल झाले चोवीस हजार. साडेतीन हजार वाचवायला गेलो आणि चोवीस हजार भरले. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. पण पैशाचे एवढे नाही. मुलाची आय.टी.आय.ची प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. फिटरचा ट्रेड, सगळे काम हाताचे. त्याने परीक्षा दिली, पासही झाला. पण कानस धरताना त्याच्या तोंडावर येणारी कळ आम्ही बघितली आहे. डाग अजून आहे.

लग्नाहून परत आल्यावर एका रात्री आम्ही आईला सगळे खरे सांगितले. दिव्याचे, मिस्त्रीचे, पहाटेच्या बाटल्यांचे. वाटले, रागावेल. ती बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "आपल्या घरात दुखणं अंगावरच काढतात रे. मी गुडघा अंगावर काढला, तुझ्या बापानं खोकला काढला. पैसे नव्हते, म्हणून सांगायचं नाही. तू गाडीचं दुखणंही अंगावर काढलंस. पण ते तुझ्या अंगावर नाही आलं, पोराच्या आलं."

यावर आम्ही काय बोलणार?

आता आमच्या वस्त्यांमध्ये जुन्या का होईना, चारचाकी गाड्या आल्या आहेत. कोणी रिक्षा सोडून टॅक्सी घेतली, कोणी लेकरांना शाळेत सोडायला व्हॅन घेतली. समृद्धी महामार्ग 2025 साली पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईकडची मंडळी गाडी घेऊन थेट नागपूरला निघतात. सातशे किलोमीटरचा रस्ता आणि विदर्भाचे ऊन. म्हणून आम्हाला जे महागात शिकावे लागले, ते वाचकांना फुकट सांगतो.

कूलंट म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. ग्लायकॉल नावाचे द्रव्य आणि शुद्ध पाणी यांचे ते मिश्रण असते, बहुधा निम्मे-निम्मे. ते पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि आतल्या धातूला गंज चढू देत नाही. नळाच्या पाण्याने आत क्षार बसतात, गंज चढतो. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून गॅरेजपर्यंत जावे, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे. ते तयार मिळते, किंवा घट्ट मिळते आणि शुद्ध पाण्यात मिसळावे लागते. कोणते घालायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. रंग बघून दोन प्रकार एकत्र करू नयेत.

बॉनेटखाली कूलंटची प्लास्टिकची टाकी असते. तिच्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी या दोन खुणांच्या मध्ये हवी. ही व्यवस्था बंद असते, त्यामुळे पाणी भरूनही चार दिवसांत पुन्हा कमी होत असेल, तर ते कुठेतरी जातेच आहे. नळीची क्लिप सैल असेल, रेडिएटर फुटला असेल, पाण्याचा पंप गळत असेल, झाकणाचे रबर गेले असेल. गाडीत गोडसर वास येत असेल आणि पायाखालचे कापड ओले लागत असेल, तर हिटरची गळती असू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही, पण धूर पांढरा येतो आणि ऑइल दुधाच्या चहासारखे झाले आहे, तर गॅस्केट बघून घ्यावी.

पाणी कमी झाल्याचा दिवा सगळ्या गाड्यांत नसतो. काहींत फक्त गरमीचा काटा किंवा दिवा असतो. आणि पाणी अगदीच संपले, तर काटाही फसवतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. म्हणून काट्यावर विसंबू नये, डोळ्यांनी टाकी बघावी.

चालत्या गाडीत काटा वर जाऊ लागला, तर ए.सी. बंद करावा आणि हिटर पूर्ण चालू करावा. उकाडा होईल, पण इंजिनची थोडी गरमी बाहेर पडेल. मग जवळची सुरक्षित जागा बघून थांबावे. वाफ दिसली, तर तेवढेही पुढे न जाता लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभे करावे. वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये, मग अर्धा तास लागो की तास. नंतर जाड कापड धरून, तोंड लांब ठेवून, झाकण थोडे थोडे फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी कधी ओतू नये, धातूला तडा जातो.

आणि भगिनींनो, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. कूलंट विष आहे, पण चवीला गोड असते. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवू नका, जमिनीवर सांडले तर धुऊन टाका. एखादे लेकरू प्यायले, तर घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

आमचा मुलगा आता एका कारखान्यात फिटर आहे. रविवारी सकाळी, चहा व्हायच्या आत, तो बॉनेट उघडतो. धाकट्या बहिणीला हाक मारतो आणि टाकीवरची खूण तिला वाचायला लावतो. आई खुर्ची टाकून बघत बसते. गाडीत काही बिघाड निघाला, तर त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना सांगायचा, असा आता घरात नियम आहे. पैसे असोत वा नसोत, आधी सांगायचे. तोच नियम आईच्या गुडघ्याला, मुलांच्या आईच्या ब्लडप्रेशरला आणि आमच्या कर्जाच्या हप्त्यालाही लावला आहे.

तो ट्रक ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही. घाईत नावही विचारायचे राहून गेले. हा लेख त्याच्या वाचनात आला, तर त्याला एवढे कळावे की पोराचा हात चांगला आहे.