बर्मिंगहॅमचा आवाज, चिंचवडच्या खोलीत

तुमच्या घरात गिटार शिकणारं मूल असेल, तर पुढचं चित्र तुमच्या ओळखीचं असेल. खोलीचं दार बंद, कानाला हेडफोन, मांडीवर गिटार आणि समोर विटेएवढं एक यंत्र. माझा सोळा वर्षांचा मुलगा महिनाभर त्या यंत्राची बटणं फिरवत होता. त्याला ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या 1970 सालच्या पहिल्या अल्बममधला गिटारचा आवाज हवा होता. यंत्रात ‘मेटल’ नावाचे दहा-बारा तयार आवाज होते. ते सगळे त्याने लावून पाहिले, पण प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातला मिक्सर फिरल्यासारखंच ऐकू यायचं.

माझी भाची बर्मिंगहॅमला शिकते. तिच्याकडे आठ दिवस जायचं ठरलं, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, तो आवाज तिथलाच आहे. बघा मिळाला तर.” मी हसण्यावारी नेलं. पण तिथे गेल्यावर कळलं की तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

न्यू स्ट्रीटवरचा बैल

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून गाडी पकडलीत की साधारण दीड तासात तुम्ही बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला उतरता. स्टेशनातच दहा मीटर उंचीचा एक यांत्रिक बैल तुमचं स्वागत करतो. 2022 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेसाठी तो बनवला होता. नंतर लोकांच्या आग्रहामुळे तो शहरातच राहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑझी’, ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्नवरून. आपल्याकडे स्टेशनला संतांची आणि राजांची नावं मिळतात, इथे गायकाच्या नावाचा बैल स्टेशनात उभा आहे.

तिथून चालत निघा. व्हिक्टोरिया चौक, सेंटेनरी चौक ओलांडून ब्रॉड स्ट्रीटवर आलात की कालव्यावरचा एक पूल लागतो. त्याचं नाव ‘ब्लॅक सॅबथ ब्रिज’. बँडमधल्या चौघांचे चेहरे असलेला एक बाक 2019 मध्ये तिथे बसवला आहे. 5 जुलै 2025 ला व्हिला पार्क मैदानावर या चौघांनी शेवटचा कार्यक्रम केला. त्यानंतर सतराच दिवसांनी ऑझी गेला. त्याची अंत्ययात्रा याच पुलावर थांबली होती. मी गेलो तेव्हा बाकावर एक आजोबा पाव खात बसले होते. शेजारी जागा होती, मीही बसलो.

दुसऱ्या दिवशी भाची मला बसने ॲस्टनला घेऊन गेली. हा कामगारांचा भाग. लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं, मधोमध अरुंद रस्ता. ऑझीचं लहानपण इथल्याच लॉज रोडवर गेलं. तुम्ही गेलात तर रस्त्यावरूनच बघा, त्या घरांत आजही लोक राहतात. “मामा, यात बघण्यासारखं काय आहे?” भाचीने विचारलं. खरं तर काहीच नव्हतं. पण मी चिंचवडच्या कामगार वसाहतीत वाढलो आहे. शिफ्ट सुटल्यावर रस्ता कसा सायकलींनी भरायचा, ते मला त्या रिकाम्या रस्त्यावर दिसत होतं.

बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचं शहर’ म्हणतात. पेनाच्या निबापासून मोटारीपर्यंत सगळं इथे बनायचं. या चौघांपुढेही कारखान्याखेरीज फारसं काही नव्हतं. ऑझीने काही काळ मोटारींच्या हॉर्नचा सूर जुळवायचं काम केलं, नंतर कत्तलखान्यात. आणि गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता.

शेवटच्या दिवसाची गोष्ट

1965 साल. टोनी सतरा वर्षांचा. एका बँडबरोबर परदेशी जायची संधी आली होती, म्हणून त्याने नोकरी सोडली. कारखान्यातला तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि आता परत जायचं नाही म्हणाला. आई म्हणाली, हातात घेतलेलं काम पुरं करून ये. तो गेला. प्रेसवर काम करणारी बाई आली नव्हती, म्हणून त्याला त्या मशीनवर उभं केलं. प्रेस हातावर आला. त्याने दचकून हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली.

टोनी डावखुरा. म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं.

कारखान्यातला त्याचा वरिष्ठ त्याला भेटायला आला, येताना जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन आला. जँगोच्या हाताची दोन बोटं आगीत जायबंदी झाली होती आणि तरी तो युरोपातला नावाजलेला जॅझ गिटारवादक होता. ती रेकॉर्ड ऐकून टोनी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला बोटापुरतं भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासून टोपण तयार केलं आणि वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा त्या टोपणांनी दाबता येईनात, म्हणून गिटारला बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला.

आता माझ्या मुलाच्या यंत्राकडे परत येऊ, कारण त्याला हवा असलेला आवाज इथूनच सुरू होतो.

यंत्र काय करतं?

या यंत्राला ‘मॉडेलर’ म्हणतात. गिटारपासून स्पीकरपर्यंत एक साखळी असते: पेडल, ॲम्प्लिफायर, स्पीकरची पेटी, समोरचा माइक. यातली प्रत्येक कडी आवाजाला कसं वळण देते याचं गणित मांडून मॉडेलर ती नक्कल करतो. 1998 मध्ये ‘पॉड’ नावाचं लाल यंत्र आलं आणि ही सोय घराघरांत पोहोचली. आज फोनवरच्या ॲपमध्येही ती मिळते. शंभर वॉटचा खरा ॲम्प खऱ्या आवाजात वाजवला तर सोसायटीची मीटिंगच बोलावतील. मॉडेलरवर तोच आवाज रात्री दहाला हेडफोनमध्ये ऐकता येतो. फक्त व्हॉल्यूम बेताचा ठेवा, कान जपा.

तुमच्या घरातल्या वादकाला सॅबथचा आवाज हवा असेल, तर हे करून बघायला सांगा:

पहिलं, तयार ‘मेटल’ आवाज बंद. त्यांत गेन म्हणजे आवाजाची फाट फार असते आणि मधले सूर कापलेले असतात. गेन निम्म्यावर आणा.

दुसरं, ॲम्पच्या आधी ‘ट्रेबल बूस्टर’ लावा. टोनीकडे ‘रेंजमास्टर’ नावाचा डबा होता, त्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. तो खालचा घुमार कमी करून वरचे सूर ॲम्पमध्ये जोराने ढकलतो. भारी आवाजासाठी बेस वाढवावा असं आपल्याला वाटतं. इथे उलट आहे. बेस आधी छाटला की आवाज फाटला तरी गढूळ होत नाही.

तिसरं, जुना ब्रिटिश, शंभर वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प निवडा. टोनीचा ॲम्प ‘लेनी’ कंपनीचा. ही कंपनीही 1967 मध्ये बर्मिंगहॅम परिसरातच सुरू झाली. तुमच्या यंत्रात लेनी नसेल तर त्या काळच्या मार्शलची नक्कल जवळची. बेस कमी, मिडल भरपूर, ट्रेबल चढा.

चौथं, बारा इंची चार स्पीकरची पेटी घ्या. रिव्हर्ब अगदी थोडा. पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला होता, सजावटीला वेळच नव्हता.

पाचवं, गिटारला बारीक तारा लावा. पहिल्या अल्बमसाठी सूर नेहमीचाच ठेवा. 1971 च्या तिसऱ्या अल्बममधली बरीच गाणी वाजवायची तर सगळ्या तारा दीड स्वर खाली उतरवा. यंत्रातही सूर उतरवायचं बटण असतं. पण त्याने तार सैल होत नाही, आणि सैल तार बोटाखाली जशी डुलते ते गणितात येत नाही.

माळ्यावरची पेटी

घरी आल्यावर मुलाने हे सगळं केलं. आवाज जवळ आला, बराच जवळ. हेडफोन काढून स्पीकरवर लावला तेव्हा बाहेरच्या खोलीतून अण्णा, म्हणजे माझे वडील, आत आले.

अण्णांबद्दल सांगायचं राहिलं. ते इथल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. 1987 मध्ये उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं शेवटचं पेर गेलं. त्याआधी ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. नंतर पेटी माळ्यावर गेली. घरात कुणी तो विषय काढत नसे. मीही नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी त्यांना टोनीची गोष्ट सांगितली. प्रेसचा भाग आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. बाटलीचा भाग आला तेव्हा वर पाहिलं.

“चामडं कशाला?”

“नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं.”

“म्हणजे पॅकिंग दिलं.” थोडं थांबून म्हणाले, “डोक्याने काम केलंय पोराने.”

मग मुलाने पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं वाजवलं. त्याची मुख्य धून तीनच सुरांची. अण्णांनी डोळे मिटून ऐकली आणि लगेच म्हणाले, “सा, वरचा सा, मग खाली येऊन तीव्र म. आणि तो म नुसता लावायचा नाही, हलवायचा. तू सरळ लावतोयस.”

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. महिनाभर तो बटणं फिरवत होता आणि चूक त्याच्या बोटात निघाली. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो. पण सोबतीला ग नाही, प नाही, नुसता सा आणि तो, की अंगावर येतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोक त्या आवाजाने दचकतायत ते यामुळेही.

रविवारी पेटी खाली काढली. भाता गळत होता, दोन पट्ट्या अडकत होत्या. मुलानेच ती दुरुस्तीला नेली. परत आली तेव्हा अण्णांनी अनामिका आणि करंगळी वापरून सा लावला, मग वरचा सा, मग तीव्र म. हात थरथरला. म्हणाले, “बोटं आखूड पडतात.”

मुलाने काही न बोलता स्वयंपाकघरातून साबणाची रिकामी बाटली आणली.

अण्णा हसले. “ठेव ती. आधी असंच बघू या.”