तळ्यातलं देऊळ, तारेतली वस्ती

मुंबईहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला ज्याचं नाव दिलंय, तो देव पाण्यात राहतो. शहराच्या ऐन मध्यात भुईकोट किल्ला, किल्ल्याच्या तटाला लागून तळं आणि तळ्यात सिद्धेश्वराचं देऊळ. कोकणातला माणूस याला बेट म्हणायला तयार होणार नाही. पण कोरड्या सोलापुरात पाण्यानं वेढलेली एवढीशी जागासुद्धा बेटाचाच मान घेते, आणि शंभर वर्षांपूर्वी इथे कॅमेरा घेऊन आलेल्या प्रत्येकाला तिनं आपल्याकडे ओढून घेतलेलं दिसतं.

माझ्या पिशवीत अशाच जुन्या पोस्टकार्डांवरून काढलेल्या प्रती होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील चित्रांची पोस्टकार्डं पाठवण्याचं वेडच लागलं होतं, आणि गावातलं देखणं ठिकाण कोणतं हे फोटो काढणारेच ठरवत. सोलापुरात त्यांनी हे तळं ठरवलं. फोटो नेमका कुठून घेतला असेल ते शोधायचं आणि मग त्यात न दिसणारी माणसं शोधायची, एवढंच मी ठरवून निघालो होतो.

कुर्डुवाडी झोपेत गेली. मोहोळच्या पुढे उजाडलं, सपाट काळं रान दिसायला लागलं. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, ''कुठं जायचंय साहेब?'' किल्ला म्हटल्यावर म्हणाला, ''एवढ्या सकाळी? बाग उघडली नसंल की ओ.'' म्हणून आधी चहा, आणि चहाबरोबर शेंगाचटणी लावून भाकरी. सोलापूरची ही चटणी नुसत्या कुटाची नाही. ती उखळात इतकी कुटतात की शेंगदाण्याला तेल सुटून ओलसर होते. मुंबईत डब्यात मिळते ती बरी असते, एवढंच म्हणेन.

किल्ल्यात आता हुतात्मा बाग आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. तारीख पाहा: संक्रांतीच्या तोंडावर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आदल्या दिवसांत. हे चार चेहरे सोलापूरला पाठ आहेत, चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे उभे आहेत. मी शोधत होतो ते चेहरे कुठल्या चौकात नाहीत.

तटावर चढून हातातली प्रत समोर धरली. एका बुरुजावरून रेषा अगदी जुळल्या: शिखर जिथे हवं तिथे, घाटाची पायरी जिथे हवी तिथे. फोटोवाला इथेच उभा होता. त्याच्या चित्रात पाणी काचेसारखं, पलीकडे झाडं विरळ, आकाश भरपूर. आणि माणसं? घाटाजवळ पाच-सहा ठिपके. कपडे धुणाऱ्या बाया असाव्यात, किंवा आंघोळीला उतरलेले पुरुष. भिंग लावलं तरी ठिपकेच राहतात.

जुन्या कॅमेऱ्यांना वेळ लागायचा, माणसं हलायची, म्हणून चित्रात येत नसत, असं आपण पटकन म्हणतो. पण हे १८६० नव्हे. १९०० साली कोडॅकनं ब्राउनी नावाचा एका डॉलरचा कॅमेरा बाजारात आणला होता, कोरड्या प्लेटा दुकानात तयार मिळत होत्या, आणि उजेडात उभा राहिलेला माणूस सहज टिपता येत होता. तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. तटावरून कुणाला काही न विचारता फोटो घेता येतो. खाली घाटावर उतरलं की बाईचा पदर, तिचा नवरा, तिची जात, तिची भाषा, सगळं आडवं येतं. साहेबाला पाणी, पडका तट आणि देऊळ एवढंच हवं होतं, ते वरूनच मिळत होतं. १९०१ च्या खानेसुमारीत सोलापूर शहराची लोकसंख्या ७५,२८८ भरली. त्यातले पाच-सहा ठिपके माझ्या हातात होते.

खाली उतरून देवळात गेलो. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शिवशरण. हे तळं त्यांनी खोदवलं अशी श्रद्धा आहे, आणि शहराभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली असं सांगतात. जानेवारीत याच लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला इथे यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी अक्षता. एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता अजून दरवर्षी पडतात, सम्मती कट्ट्याजवळ, लाखाच्या गर्दीत. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त उंचच्या उंच सात नंदीध्वज पेलत येतात. मग होम मैदानावर होम, शोभेचं दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळीचा विधी.

सभामंडपात एक गिरणीतले जुने कामगार बसले होते. मी प्रती चाळतोय हे पाहून सरकून जवळ आले. ''काय बघलालाव?''

दाखवलं. त्यांनी चित्र लांब धरलं, मग जवळ. ''हे तर देवाचं हाय. माणसं कुठायत?''

मला नेमकं तेच म्हणायचं होतं. ते म्हणाले, यात्रेचे फोटो बघायचे तर मानकऱ्यांच्या घरी बघा, नंदीध्वज धरायचा मान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आजा-पणजाचे फोटो असतात. खरंच होतं ते. एका घरी भिंतीवर बाराबंदीतला तरुण पाहिला. नजर थेट कॅमेऱ्यात, हात कमरेच्या पट्ट्यावर. ज्याच्याकडे मान, त्याचा फोटो.

दुपारी पूर्व भागात गेलो. इथे रस्त्यावरची भाषा तेलुगू, घरातली तेलुगू, दुकानातली मराठी. निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या इकडे आले, हातमाग लावले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांची जुनी मिल, सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. ज्यांचं कापड सोलापूरची चादर म्हणून देशभर गेलं, त्यांच्या एका घरात ट्रंकेच्या तळाशी कागदात गुंडाळलेला एक फोटो निघाला. खुर्चीत बसलेला आजोबा, शेजारी उभी आजी, मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर संगमरवरी कठडा आणि फुलांची कुंडी. सोलापुरात असला कठडा त्यांनी जन्मात पाहिला नसेल. आजोबांच्या हातात पुस्तक आहे. ''वाचायला येत होतं का त्यांना?'' मी विचारलं. घरातल्या बाई हसल्या. ''पुस्तक स्टुडिओचं. सगळ्यांच्या हातात तेच.''

मला तो फोटो फार आवडला. खोटा पडदा, उसनं पुस्तक, आणि तरी नजरेत पूर्ण हक्क. दिवसाची मजुरी खर्चून त्यांनी हा पडदा विकत घेतला होता, तासाभरासाठी. तटावरच्या साहेबाला जे जमलं नाही ते गल्लीतल्या फोटोवाल्यानं केलं. चेहरा पैसे देत होता, म्हणून त्यानं चेहऱ्याकडे पाहिलं.

आणि ज्यांच्याकडे मान नाही, पैसेही नाहीत, त्यांचे फोटो?

त्यांचे सरकारनं काढले. सोलापूरला दुसरं एक बेट होतं. त्याला पाण्याऐवजी तारेनं वेढलं होतं. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात वसाहती उभारल्या, त्यातली एक मोठी सोलापूरला. कैकाडी, टकारी, पारधी, भाट अशा जमातींना कुटुंबासकट तारेच्या आत आणून बसवलं. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. कामाला गिरणीत जायचं, कारण गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला या लोकांना एका जागी डांबायचं होतं. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे दिली होती. शाळा, दवाखाना, कामधंद्याचे वर्ग हे सगळं मिशननं केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तार मात्र तार होती. चांगलं वागणाऱ्याला पुढे तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत राहायला मिळे. ते नाव अजून आहे. रिक्षावाल्याला सेटलमेंट फ्री कॉलनी म्हटलं की तो नंबर विचारतो.

अशा वसाहतींचे फोटो सरकारी अहवालांत आणि मिशनच्या मासिकांत छापले जात. ते काढण्याचं कारण सरळ होतं: वर्गणी देणाऱ्याला आणि सरकारला सुधारणा दाखवायची. माझ्याकडे त्यातल्याच एकाची प्रत होती. मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी, मागे बैठी लांबट इमारत, कडेला गोरा माणूस टोपी हातात घेऊन. प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसतो. तळ्याच्या फोटोत एकही चेहरा नाही, यात सगळे आहेत, आणि खाली इंग्रजीत जमातीचं नाव आणि वसाहतीचं नाव छापलंय. मुलांची नावं नाहीत. त्याच मुलांची नावं हजेरीच्या वहीत मात्र चुकत नसणार. अंगठ्याच्या ठशासकट असतील.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. तो दिवस आता विमुक्त दिन म्हणून पाळतात.

संध्याकाळी कॉलनीत पोचलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं, कुणाला बोलायला सवड नव्हती. घागरी भरून झाल्यावर एका ओट्यावर बसायला मिळालं. प्रत बाहेर काढताना मी जरा बिचकलो. शंभर वर्षांपूर्वी यांना ओळीत उभं करून काढलेलं चित्र यांच्यासमोर धरायचं म्हणजे काय, हा प्रश्न होताच. पण एका म्हाताऱ्या बाईंनी ते माझ्या हातातून सरळ घेतलंच. चष्मा कपाळावर सारून बघायला लागल्या.

''ही शाळा हाय,'' त्या म्हणाल्या.

शेजारच्या बाईंना पटलं नाही. ''शाळंला ओटा होता. ही हजेरीची जागा. माझी सासू सांगायची, पत्रे होते वर.''

''तुझी सासू कवा आली हितं? लग्न होऊन आली. आमची आई हितंच जन्मली, तारेच्या आत.''

तिसऱ्या आल्या. मग एक तरुण मुलगा मोबाइल घेऊन आला आणि त्यानं चित्र मोठं करून दाखवलं. उजवीकडच्या तिसऱ्या पोरावर बोट ठेवून पहिल्या बाई म्हणाल्या की हा कान आमच्याच घरातला आहे, असे कान गल्लीत दुसऱ्या कुणाचे नाहीत. यावर मोठा हशा झाला आणि कानांची तपासणी सुरू झाली. दोन नातवंडांना ओळीत उभं करून पाहिलं. बहुमत बाईंच्या बाजूनं पडलं, पण शेजारीण हटली नाही. तिच्या मते तो पोरगा पलीकडच्या कॉलनीतल्या घराण्यातला होता, आणि तिनं लगेच कुणाला तरी फोन लावला, ''फोटो आलाय, ये की बघाय.''

माझ्या परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी प्रत मागितली.

''तुमाला दुसरी काढता येती न्हवं?'' बाई म्हणाल्या. ''मग ही ऱ्हाऊ द्या. त्यो यायलाय, त्याला दावायची हाय.''