मुलांबरोबरचा प्रवास

मुले लहान असताना आपण त्यांना जग दाखवतो. ती मोठी होऊ लागली की ती आपल्याला काय दाखवतील, याचा नेम नसतो. 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही चौघे जालन्याहून वंदे भारतने मुंबईला आणि तेथून विमानाने सिंगापूरला गेलो. लेक अठरा वर्षांची, मुलगा सोळाचा. लेकीने स्थापत्य अभियांत्रिकीचा हट्ट धरला होता. मी नाराज होतो.

एका संध्याकाळी तिने आम्हाला मरीना बॅरेजवर नेले. समुद्राच्या तोंडाशी 2008 साली बांधलेला हा बंधारा खारे पाणी बाहेर थोपवतो आणि पावसाचे गोडे पाणी शहरासाठी आत साठवतो. कठड्याशी ती बराच वेळ स्तब्ध उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, टँकरच्या रांगेत घागरीपाशी मला बसवून तुम्ही कामावर जात होता. आठवते?"

2012-13 च्या दुष्काळात ती जेमतेम सात वर्षांची होती. ते दिवस ती विसरली असेल, असे मी मानून चाललो होतो. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिच्या हट्टाचे कारण मात्र मला त्या क्षणी उमगले.

घरी परतल्यावर तिच्या प्रवेशअर्जावर मी सही केली.