कबुलीची खोली

गुन्हेकथेचा पाया रहस्य हा असतो असे मानणाऱ्या प्रेक्षकाला ‘क्रॅकर’ ही ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका प्रथमदर्शनी गोंधळात टाकते. कारण तिच्या बहुतेक कथांत खून कोणी केला हे प्रेक्षकाला पोलिसांच्या पुष्कळ आधी कळलेले असते, आणि तरीही उत्कंठा कमी होण्याऐवजी वाढतच जाते. मँचेस्टर शहरात घडणारी ही मालिका ग्रॅनाडा टेलिव्हिजनने निर्माण केली, आयटीव्ही वाहिनीवर तिचा पहिला भाग २७ सप्टेंबर १९९३ रोजी दाखवला गेला, आणि लिव्हरपूलचा लेखक जिमी मॅकगव्हर्न हा तिचा जनक होता. पोलिसांना तपासात साहाय्य करणारा मानसशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड फिट्झजेराल्ड, म्हणजेच फिट्झ, हा तिचा नायक. त्याची भूमिका करणाऱ्या रॉबी कोल्ट्रेनला १९९४, १९९५ आणि १९९६ अशी सलग तीन वर्षे ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. फिट्झ मद्यपी आहे, जुगारी आहे, अखंड सिगारेट ओढतो, स्वतःच्या संसाराची धूळधाण करतो, आणि चौकशीच्या खोलीत संशयितासमोर बसला की त्या माणसाने स्वतःपासूनही लपवलेली गोष्ट त्याच्याच तोंडून काढतो. मालिकेचा खरा विषय ही कबुली आहे: ती कशी मिळते, कोणाला मिळते, आणि मिळाल्यावर तिचे मोल काय राहते.

प्रस्तुत लेखकाच्या आयुष्यात ही मालिका निरनिराळ्या वयांत पुन्हापुन्हा आली, आणि दर वेळी तिच्यातील वेगळ्याच व्यक्तीने लक्ष वेधून घेतले. तरुणपणी पाहताना सगळे लक्ष अर्थातच फिट्झवर खिळले होते. पहिल्याच कथेत तो व्याख्यानाला उभा राहतो आणि स्पिनोझा, देकार्त, हॉब्ज, फ्रॉइड अशा थोरांचे ग्रंथ एकामागून एक श्रोत्यांच्या दिशेने भिरकावतो. त्याचे म्हणणे इतकेच, की हे सारे वाचून झाल्यावर माणसाने खोलीत एकटे बसून स्वतःच्या मनात काय काय वाईट दडले आहे ते पाहावे, कारण दुसऱ्याच्या गुन्ह्याकडे जाणारी वाट तिथूनच निघते. विद्यार्थिदशेतील मनाला या प्रसंगाची भूल पडणे स्वाभाविक होते. ज्ञानाचे एवढे सामर्थ्य असू शकते, की अनोळखी माणसाच्या दोन वाक्यांवरून त्याचे बालपण, त्याची लाज आणि त्याचा राग ओळखता यावा, ही कल्पना त्या वयात मानसशास्त्राविषयी आदरच नव्हे तर जवळजवळ श्रद्धा निर्माण करते.

त्या श्रद्धेला वास्तवात काही आधार होता, पण तो मालिकेत दिसतो त्याहून पुष्कळ मर्यादित. गुन्ह्याची जागा, पद्धत आणि बळीची निवड यांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, व्यवसाय, राहणीमान, स्वभाव यांविषयी अनुमान करण्याच्या पद्धतीला गुन्हेगाराचे मानसचित्र रेखाटणे असे म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे बॉम्ब ठेवणाऱ्या माणसाचे असे चित्र मानसोपचारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी १९५६ साली रेखाटले, आणि पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात दुहेरी गुंड्यांचा, नीट बटणे लावलेला कोट असेल, हे त्यांचे भाकीत दंतकथेसारखे प्रसिद्ध झाले. मात्र १९५७ च्या जानेवारीत तो माणूस सापडला तो वीज कंपनीच्या जुन्या कागदपत्रांत त्याच्या तक्रारीची फाइल एका कर्मचारी स्त्रीच्या हाती लागली म्हणून, हा भाग त्या दंतकथेत सहसा येत नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड कँटर यांनी १९८६ साली लंडन परिसरातील रेल्वेमार्गांलगत बलात्कार व खून करणाऱ्या गुन्हेगाराच्या शोधात पोलिसांना मदत केली. त्यांचा भर अंतर्ज्ञानावर नव्हता. गुन्ह्यांच्या जागा नकाशावर मांडून त्या जागांच्या विस्तारावरून गुन्हेगाराच्या घराचा परिसर ठरवणे ही त्यांची पद्धत होती, आणि जॉन डफी हे नाव पोलिसांच्या लांबलचक संशयित-यादीत आधीपासून असूनही त्याच्याकडे लक्ष वळले ते या अनुमानामुळे. म्हणजे खऱ्या कामात नकाशा, नोंदवही आणि संयम यांचा वाटा मोठा आहे, आणि खोलीत बसून हृदयाचा ठाव घेणाऱ्या प्रतिभावंताचा फार लहान. तरुण प्रेक्षकाला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक झाले तरी आवडत नाही.

पुढे काही वर्षांनी, व्यवसायाच्या आणि संसाराच्या मधल्या काळात, मालिका पुन्हा पाहताना पहिल्या वर्षातील अखेरची कथा ‘वन डे अ लेमिंग विल फ्लाय’ अचानक केंद्रस्थानी आली. एका शाळकरी मुलाचा मृतदेह रानात गळफास लावलेल्या स्थितीत सापडतो, संशय त्याच्या शिक्षकावर जातो, वस्तीतील लोक त्याच्या जिवावर उठतात, आणि फिट्झ आपली सारी बुद्धी, सारी सहानुभूती पणाला लावून त्याच्याकडून कबुली मिळवतो. त्यानंतर तो शिक्षक फिट्झला सांगतो की खून आपण केलेला नाही. फिट्झ हादरतो आणि अधिकाऱ्याकडे धाव घेतो, पण प्रकरण मिटल्याची बातमी जगाला देऊन बसलेला मुख्य निरीक्षक बिलबरो मागे फिरायला तयार होत नाही. खरा खुनी कोण हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. नायकाच्या ज्या कौशल्यावर मालिका उभी आहे तेच कौशल्य निरपराध माणसालाही तितक्याच सहजतेने मोडू शकते, असे पहिल्याच वर्षात दाखवून देणारा लेखक विरळा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मॅकगव्हर्नच्या थोरपणाचा हा सर्वांत ठळक पुरावा आहे.

ब्रिटिश प्रेक्षकाला १९९३ साली ही कथा निव्वळ कल्पित वाटण्याचे कारण नव्हते. गिल्डफर्ड येथील बॉम्बस्फोटांसाठी १९७५ साली दोषी ठरवलेली चार माणसे १९८९ साली, आणि बर्मिंगहॅममधील स्फोटांसाठी १९७५ सालीच दोषी ठरवलेली सहा माणसे १९९१ साली निर्दोष म्हणून सुटली. दोन्ही खटल्यांत पोलिसांसमोर दिलेले कबुलीजबाब हा शिक्षेचा महत्त्वाचा आधार होता. दरम्यान १९८४ च्या पोलीस व पुरावा कायद्याने चौकशीच्या ध्वनिमुद्रणाची आणि वकिलाच्या उपस्थितीची व्यवस्था घालून दिली. मालिकेतील टेबलावर सतत फिरणारी ती ध्वनिफीत या सुधारणेतून आलेली आहे. आइसलंडमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडजॉन्सन यांनी सूचनवशता मोजण्याची, म्हणजे प्रश्नकर्त्याच्या सूचनेला व दडपणाला बळी पडून माणूस आपले उत्तर किती बदलतो हे तपासण्याची, पद्धत विकसित केली, आणि मारहाणीशिवायही खोटी कबुली मिळू शकते हे न्यायालयांना पटवून देण्यात त्यांच्या कामाचा मोठा हात होता. त्यांचाही विषय कबुली हाच होता, पण ते फिट्झच्या उलट दिशेने चालत होते: कबुली मिळवण्याऐवजी ती टिकते का हे पाहत होते.

याहूनही बोचणारी गोष्ट अशी की ही कथा दाखवली जात असताना लंडनमध्ये एक माणूस खरोखरच कोठडीत होता. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या हिरव्या परिसरात जुलै १९९२ मध्ये एका तरुण आईचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला होता. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने मानसचित्र तयार केले, ते एका रहिवाशाशी जुळते असे ठरवले, आणि ओळख लपवलेल्या एका महिला पोलिसाने प्रेमाचे आमिष दाखवत महिनोन्‌महिने त्याच्याशी पत्रव्यवहार करून कबुली मिळवण्याचा प्रयत्न केला. कबुली मिळाली नाही, तरी त्याला अटक झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा सारा पुरावा फसवणुकीतून आलेला म्हणून कठोर शब्दांत फेटाळला आणि खटला कोसळला. खऱ्या खुन्याने आपला गुन्हा मान्य केला तो २००८ साली. मधल्या काळात, १९९३ च्या नोव्हेंबरात, त्याने आणखी एका तरुणीचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा बळी घेतला होता.

भारतीय कायद्याशी परिचय असलेल्या मराठी प्रेक्षकाला या ठिकाणी एक फरक जाणवल्याखेरीज राहत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यास मनाई केली होती, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेविसाव्या कलमात ही मनाई कायम आहे; म्हणजे फिट्झचे विजयाचे क्षण येथील न्यायालयात बहुतांशी निरुपयोगी ठरले असते. पण मनात थेट शिरण्याचा मोह आपल्याकडेही कमी नाही. पुण्यात २००८ साली एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत-हालचालींच्या चाचणीचा आधार दोषसिद्धीसाठी घेतला गेला, आणि अखेर २०१० साली सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले. माणसाचे मौन हा त्याचा अधिकार आहे, हे तत्त्व पुस्तकात वाचून पटते. त्या शिक्षकाचा चेहरा पाहिल्यावर ते अंगाला भिडते.

मालिकेची सर्वश्रेष्ठ कथा मात्र दुसऱ्या वर्षातील ‘टू बी अ समबडी’ हीच मानावी लागेल, आणि वय वाढत गेले तसे तिचे वजन वाढत गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या फुटबॉल सामन्याच्या वेळी कुंपण घातलेल्या कक्षांत प्रेक्षकांची भयंकर चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या पुढे ९७ वर गेली, पण मालिकेच्या काळी आणि नंतरही अनेक वर्षे ती ९६ धरली जात होती. पोलिसांनी दोष मृतांवर आणि वाचलेल्यांवर ढकलला, वृत्तपत्रांनी तो छापला. मॅकगव्हर्नच्या कथेतील अल्बी किन्सेला, ज्याची भूमिका रॉबर्ट कार्लाइलने केली, हा त्या दुर्घटनेतून वडिलांसह वाचलेला कामगार आहे. वडिलांचे कर्करोगाने निधन होते, अल्बी डोके भादरतो, दुकानात चार पेन्स कमी पडतात म्हणून दुकानदाराशी त्याचा वाद होतो, आणि तो त्या आशियाई दुकानदाराचा खून करतो. पोलिसांना भादरलेल्या डोक्यात वर्णद्वेषी टोळीवाला दिसतो. बेक हा फौजदार अल्बीशी बोलूनही, तो आजारी आहे अशी समजूत करून घेऊन, त्याला सोडून देतो. नंतर बिलबरो अल्बीच्या सुरीला बळी पडतो आणि मरता मरता रेडिओवरून स्वतःच्याच खुनाची जबानी नोंदवतो.

अल्बी सहानुभूतीस पात्र ठरतो, पण क्षमेस नाही. हा तोल लेखकाने एकदाही ढळू दिलेला नाही. आपल्यासारख्या माणसांना जनावरे समजून पिंजऱ्यात कोंडले गेले आणि मेल्यावर खोटारडे ठरवले गेले, हा त्याचा आक्रोश खरा आहे, आणि त्याने मारलेल्या दुकानदाराचा त्या अन्यायाशी काडीचाही संबंध नव्हता हेही तितकेच खरे आहे. तरुणपणी हा आक्रोश केवळ उत्कृष्ट अभिनय म्हणून पाहिला गेला. २०१२ साली स्वतंत्र समितीचा अहवाल आला, पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार केले गेले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना प्रतिकूल असलेला मजकूर काढला अथवा बदलला गेला होता असे उघड झाले, २०१६ साली ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचा निर्णय दिला; त्यानंतर ही कथा पाहताना असे ध्यानात येते, की राज्ययंत्रणेने जे मान्य करायला २७ वर्षे घेतली ते मनोरंजनाच्या वेळेत, ऑक्टोबर १९९४ मध्ये, एका नाटककाराने सरळ सांगून टाकले होते. १९९६ साली मॅकगव्हर्नने त्या दुर्घटनेवर ‘हिल्सबरो’ हे स्वतंत्र दूरचित्रनाट्यही लिहिले. या कथेतील खरी कबुली अल्बीची नाही. ती पोलिसांकडे मागितली गेली होती आणि त्यांनी ती नाकारली होती.

मॅकगव्हर्न कॅथलिक कुटुंबात वाढला, आणि फिट्झही श्रद्धा सुटलेला कॅथलिक आहे, ही गोष्ट सुटी राहत नाही. कॅथलिक पंथात पापनिवेदन हा एक संस्कार आहे: माणूस धर्मगुरूपुढे पाप उच्चारतो आणि पश्चात्ताप खरा असेल तर त्याला क्षमा मिळते. मालिकेतील चौकशीची खोली या संस्काराचीच जागा घेते, तिच्यात तसेच अंतरंग उघडले जाते, तसाच भार हलका होतो, मात्र शेवटी क्षमेऐवजी जन्मठेप मिळते. पुढील काळात आलेल्या ‘वायर इन द ब्लड’ या, व्हॅल मॅकडर्मिड यांच्या कादंबऱ्यांवर आधारित मालिकेतील डॉ. टोनी हिल हाही हुशार आणि एकाकी मानसशास्त्रज्ञ आहे, तिची रचना सफाईदार आहे, पण तिच्यात हा धार्मिक ताण नाही आणि म्हणून ती तितकी खोल जात नाही. २००६ साली ‘क्रॅकर’चा एक दीर्घ भाग पुन्हा आला; तो पाहण्याजोगा असला तरी जुन्या उंचीचा नाही.

अलीकडच्या काळात पाहताना लक्ष जाते ते जेन पेनहॅलिगनकडे, जी भूमिका जेराल्डिन सॉमरव्हिलने केली. ती सहकाऱ्यांपेक्षा अधिक सक्षम पोलीस अधिकारी आहे, फिट्झवर प्रेम करते, आणि ‘मेन शुड वीप’ या कथेत तिच्यावर बलात्कार होतो; गुन्हेगार तिचा सहकारी बेक आहे, ज्याला अल्बीला सोडल्याचा अपराधभाव आतून पोखरत असतो. पूर्वी ही घटना कथानकाचे नाट्यमय वळण म्हणून पाहिली गेली होती, आणि बेकच्या खचण्याचा अभ्यास म्हणून तिचे कौतुकही झाले. आता दिसते ते असे, की मालिकेला बेकच्या मनात जेवढा रस आहे तेवढा पेनहॅलिगनच्या मनात नाही. फिट्झची पत्नी ज्युडिथ हिच्या बाबतीतही असेच घडते: अनोळखी खुन्याचे मन उलगडणारा माणूस घरी पत्नीने शांतपणे उच्चारलेले वाक्यही ऐकत नाही, हे मालिका दाखवते, पण ज्युडिथला काय वाटते याच्या मागे ती फार दूर जात नाही. पुढच्या वर्षी बेक एका संशयिताला बरोबर घेऊन उंचावरून उडी टाकतो आणि मरतो. त्याच्या मृत्यूबरोबर खटल्याची शक्यताही संपते, आणि ज्या मालिकेत खुन्यांना मन मोकळे करण्यासाठी तासच्या तास मिळाले, तिच्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपल्यावर काय गुदरले हे सांगण्याची संधी पेनहॅलिगनला कधी मिळत नाही.