घोटभर पाणी

उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेल्या दिवाळीपासून बधिर झाली आहेत. कोपरापाशी नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणतात. खाटेच्या काठावर कोपर टेकवून पेशंटजवळ बसायची माझी जुनी सवय भोवली असावी. दुसऱ्या कोणाचं यात फारसं बिघडलं नसतं. पण गिळणं तपासताना गळ्यावर चार बोटं ठेवावी लागतात, आणि त्यांतली कंठमण्यावरची दोन नेमकी हीच.

या बोटांचा मला माज होता. चांदूर रेल्वेत आणि तिवसा-धामणगावकडच्या गावांत लकव्याचं माणूस नाकात नळी घेऊन घरी आलं की मला बोलावणं येई. चमचाभर पाणी द्यायचं आणि कंठमणी केव्हा चढतो, पूर्ण चढतो की मध्येच राहतो, हे बोटांनी वाचायचं. तेव्हा मी डोळे मिटत असे. मिटायची काही गरज नव्हती. भोवती जमलेली माणसं माझ्याकडे बघत असत, म्हणून मिटत असे. ‘बाईले बोटानंच समजते’ अशी कुजबुज कानावर आली की माझा दिवस बरा जाई.

आता अमरावतीहून एक मुलगी शिकायला येते. बोटं तिची, अंदाज माझा, अशी आमची वाटणी. एका काकाजींच्या गळ्यावर हात ठेवून ती म्हणाली, “वर आलं मॅडम. उशिरा, पण आलं.” मी मान हलवली. तिनं लगेच विचारलं, “मग पाणी कुठं गेलं?”

बोटांना हालचाल कळते, वाट कळत नाही. कंठमणी चढला म्हणजे माणसानं गिळलं, एवढंच. सगळं अन्ननलिकेत गेलं की थोडं श्वासनलिकेत उतरलं, हे कोणतंही बोट सांगत नाही. माझी धडधाकट होती तेव्हाही सांगत नव्हती. पाणी चुकून खाली गेलं तर ठसका लागायला हवा. लकव्यात पुष्कळदा घशाची जाणीवच गेलेली असते, मग ठसकाही लागत नाही. घरचे आनंदानं सांगतात, “आता बाबाले ठसका नाही लागत, लय सुधारले.” मला ठसक्यापेक्षा या वाक्याची भीती जास्त. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का, संध्याकाळी अंग कणकणतं का, अशा खुणांवर आमचं काम चालतं.

पाहायची सोय जगात आहे. अमेरिकेत जेरी लोगेमन यांनी बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेखाली पाहत ही विद्या पुष्कळशी उभी केली. त्यांचं पुस्तक १९८३ सालचं. १९८८ मध्ये सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहायची रीत मांडली. चांदूरच्या माणसाला यासाठी नागपूरची गाडी धरावी लागते. स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे, गाड्यांचा तोटा नाही. पण लुळं पडलेलं माणूस फलाटावरून डब्यात चढवायला चार जण लागतात, आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत गावात चार रिकामे हात सापडत नाहीत.

म्हणून सगळं येऊन अडतं ते पाण्यापाशी. घास जमतो, शिरा जमतो, घट्ट वरण जमतं. पाणीच जमत नाही. ते जिभेवर थांबत नाही, श्वासनलिका मिटायच्या आत घशात उतरून मोकळं होतं. आमचं ठरलेलं उत्तर, ‘पाणी घट्ट करून द्या.’ हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे गेलेला, पत्र्याच्या खोलीत म्हातारा माठाकडे बघतोय, आणि मी लेकाला सांगतेय की साधं पाणी बंद. “मॅडम, घोटभर पाणी बी नाही पाजाचं का? उन्हाया पाहा न.” मरणाऱ्याच्याही तोंडात पाणी घालणारी माणसं आपण. जित्या बापाला तहानेलं ठेवायला सांगणारी बाई त्यांना कशी दिसत असेल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पाणी घट्ट करायची पावडर महाग, आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती सहसा नसते. मग ज्वारीच्या पिठाची आंबील. पहिले चार घोट नीट जातात, वाटी अर्धी होईस्तोवर आंबील पातळ होते. कारण चमचा तोंडात जाऊन परत वाटीत येतो. उष्ट्या चमच्यानं पाणी सुटतं, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. लाळेतलं अमायलेज पिठाचा स्टार्च तोडतं, एवढीच त्यात भर. आता मी दोन वाट्या ठेवायला लावते: मोठीतून थोडं थोडं छोटीत काढायचं, आणि उष्टा चमचा छोटीतच. झँथन गमच्या पावडरीला लाळेचा हा त्रास नाही, पण ती आणायला पुन्हा शहर. घट्टपणा मोजायला आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतली सिरिंजची युक्ती चालते: ठरावीक मापाची १० मिलीची सिरिंज सुई न लावता, खालचं तोंड बोटानं दाबून भरायची, मग बोट काढायचं, १० सेकंदांनी किती उरलं ते पाहायचं. काही उरलं नाही तर ते साधं पाणीच. ४ ते ८ मिली उरलं तर दुसरी पायरी. आंबील ज्या ऊनपणाला पाजायची त्याच ऊनपणाला मोजायची. चुलीवरून उतरवल्याबरोबर मोजलेली निवल्यावर दाट निघते.

हल्ली शहरांत गळ्याला करंट लावणाऱ्या मशीनची पॅकेजं निघाली आहेत. त्या करंटनं किती गुण येतो यावर अजून वाद आहेत, पॅकेजच्या किमतीवर मात्र नाहीत. यात माझा मत्सर नाही असं कोण म्हणेल? त्यांच्या एका बैठकीच्या फीमध्ये माझा पेट्रोलचा खर्च कितीदा तरी निघेल.

करंटपेक्षा मला तांब्याची काळजी. भांडं उष्टं होऊ नये म्हणून आपण वरून पाणी पितो, मान मागे टाकून. धडधाकट माणसाचं भागतं. लकव्याच्या माणसाची मान मागे गेली की पाण्याला उतार मिळतो आणि सावरायला वेळ उरत नाही. अनेकांना उलट हनुवटी छातीकडे झुकवून बरं पडतं. सत्तर वर्षं तांब्याला ओठ न लावलेल्या आजीला ‘पेल्याला तोंड लाव’ म्हणणं म्हणजे तिचं सोवळं मोडणं. ती मोडत नाही. मी नळी आणते, चमचा आणते, आणि माझी पाठ वळली की ती वरून पिते.

गेल्या उन्हाळ्यापासून मी थोडी बदलले आहे. अमेरिकेत लुईव्हिलच्या फ्रेझर पुनर्वसन केंद्रात १९८४ पासून एक रीत आहे: जेवणासोबत घट्ट पेय, पण अधल्यामधल्या वेळी तोंड नीट साफ करून साधं पाणी. त्यामागचा विचार असा की स्वच्छ तोंडातलं थोडं पाणी छातीत गेलं तरी फुप्फुसं ते बहुधा शोषून घेतात. घात होतो तो तोंडातल्या जंतूंनी. १९९८ मध्ये लँगमोर आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या अभ्यासात हेच टिपलं: गिळण्याचा दोष एकटा न्यूमोनियाला पुरत नाही. दुसऱ्याच्या हातून खावं लागणं, दुसऱ्यानं तोंड धुणं, किडलेले दात यांचा हात त्यात मोठा. हे वाचून मला वऱ्हाडातली तोंडं आठवली. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यानं काळवंडलेले दात, आत आखडलेले गाल, आणि लकव्यानंतर लुळ्या बाजूच्या गालात सकाळचा भात संध्याकाळपर्यंत तसाच. आम्ही घोट मोजत बसलो, गाल कोणी उघडून पाहत नव्हतं.

आता पोरगी गळ्यावर बोटं ठेवते आणि मी बॅटरी घेऊन तोंडात पाहते. या कामात डोळे मिटता येत नाहीत, आणि कोणी कौतुकही करत नाही. एका घरचा मुलगा तर म्हणाला, “दात तर मीच घासून देले असते, तुमाले कायले बोलावलं?” त्याचं बरोबर होतं. त्यानंच घासावेत.

साध्या पाण्याची ही रीत सरसकट सगळ्यांना लागू नाही. छाती भरलेल्या, गुंगीतल्या, घोटाघोटाला गुदमरणाऱ्या माणसाला साधं पाणी मी आजही देऊ देत नाही. घरात लकव्याचं माणूस असेल तर तपासणी झाल्याशिवाय तोंडानं काही देऊ नका, आणि आडवं निजवून तर कधीच नाही. परवानगी मिळाली की आधी ताठ बसवा, लुळ्या बाजूचा गाल बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसा, दात घासा, कवळी असेल तर काढून धुवा, आणि मगच चमच्यानं पाणी द्या. रोज, प्रत्येक वेळी.