मु. पो.

खेड्यातल्या पत्त्याच्या आरंभी 'मु. पो.' लिहिण्याची आपली रीत आहे. लहानपणी आंतर्देशीय पत्रांवर ही दोन अक्षरे मी असंख्य वेळा लिहिली असतील. पण त्यातला 'मु.' म्हणजे मुक्काम, याकडे लक्ष फार उशिरा गेले. शब्द मूळचा अरबी. मराठीत तो रुळला तो प्रवासातला थांबा या अर्थाने. छावणीचा मुक्काम, पालखीचा मुक्काम, वऱ्हाडाचा मुक्काम. म्हणजे ज्याला उद्या उठून पुढे जायचे आहे, मुक्काम त्याचा असतो. आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओसरीवर राहिलेल्या माणसाच्या नावाखाली आपण तोच शब्द लिहितो. हा विरोधाभास सोडवावा असे मला वाटत नाही. परंतु डिसेंबर २०२४च्या अखेरीस पुण्याहून लातूरकडे मोटारीने चार दिवसांची फेरी केली, त्या वेळी तो सारखा मनात येत राहिला.

फेरीचा उद्देश साधा होता. बऱ्याच वर्षांत ज्यांच्याकडे जाणे झाले नव्हते अशा आप्तांना आणि जुन्या मित्रांना भेटून यायचे. सात घरे ठरली. मुलीने फोनवरच्या नकाशात सगळी घरे टिंबांनी दाखवली, त्यांतली अंतरे काढली आणि प्रत्येक घराच्या वाट्याला पाऊण तास येतो असा निष्कर्ष जाहीर केला. हिशेबात खोट नव्हती.

माझ्या लहानपणी हाच प्रवास रेल्वेने होई आणि कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. मुंबई-सोलापूर मार्ग रुंद. तिथून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वे मात्र अडीच फुटी. ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११मध्ये लातूरला पोचली. आम्ही तिच्यात बसू लागलो तोवर तिचे राष्ट्रीयीकरण होऊन गेले होते, पण मोठी माणसे तिला 'बार्शी लाइट'च म्हणत. मोठी गाडी उशिरा आली की छोटी निघून गेलेली असे, आणि मग रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या चुलत्यांकडे रात्र काढणे ओघानेच येई. या चुलत्यांशी आमचे जे काही नाते जुळले ते चुकलेल्या गाड्यांमुळे. काकूंना कमी ऐकू येते, त्या झोपेत बोलतात, पहाटे उठून रॉकेलच्या स्टोव्हवर पाणी तापवताना त्या स्वतःशीच काही गुणगुणतात, हे पाऊण तासाच्या भेटीत कळण्याजोगे नव्हते.

आता लातूरपर्यंत रुंद रूळ आहेत, आणि आमच्याकडे मोटार आहे. इंदापूरला मावसबहिणीकडे चहा, कुर्डुवाडीला चुलतभावाकडे पोहे आणि पुन्हा चहा, बार्शीला एका वृद्ध शिक्षकांना नमस्कार. तिन्ही घरी स्वागत मनापासून झाले, आणि तिन्ही घरी बोलणे एकाच वाटेने गेले: रस्ता कसा होता, टोल किती लागला, मुलगी काय करते, गुडघे कसे आहेत. 'जेवूनच जा' हा आग्रह झाला आणि 'पुढे पोचायचे आहे' हे उत्तरही झाले. दोन्ही बाजूंना संहिता पाठ होती.

लातूरला आम्ही लॉजवर उतरलो. ज्या शहरात महाविद्यालयाची वर्षे घालवली, तिथे लॉजवर. कुणाला त्रास नको, हे त्यामागचे कारण. आणि त्रास न देणे हा अलीकडे आपल्या वर्गातला सर्वांत मोठा सद्गुण झाला आहे.

दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या घरी गेलो. आम्ही दोघे मराठीचे विद्यार्थी, एका बाकावरचे. तो पुढे इथेच शिक्षक झाला. त्याच्या पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या वेळी मी फोन केला होता. येणे जमले नव्हते. तास-सव्वातास बसलो. शहराच्या पाण्याचा विषय निघाला, एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या दिवसांच्या आठवणी निघाल्या, अभ्यासक्रमातून काय वगळले गेले यावर आम्ही यथेच्छ टीका केली. 'प्रवास कसा झाला तुमचा?' असे त्याने विचारले होते, 'छान झाला, रस्ते आता चांगले आहेत,' असे मी म्हणालो होतो. भिंतीवर वहिनींचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. त्या विषयावर तो बोलला नाही आणि मीही नाही. जिना उतरताना जाणवले की सव्वा तासात आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून लातूरचे एक क्रियापद बाहेर पडलेले नाही.

हे जरा स्पष्ट केले पाहिजे. पुण्यात 'मी करतोय', 'तो जातोय' म्हणतात. लातूरकडे 'मी करायलोय', 'तो जायलाय'. चालू क्रियेचे हे रूप इतके ठसठशीत आहे की या एका प्रत्ययावरून माणूस कुठला ते कळावे. पुण्यात पहिल्या वर्षी माझ्या 'यायलोय'ला हसे झाले आणि सहा महिन्यांत ते गेले. मित्राने मात्र ते कधीच सोडले नव्हते. त्या दिवशी त्याने ते माझ्यासाठी बाजूला ठेवले, पाहुण्यासाठी ठेवणीतली कपबशी काढावी तसे.

तिसरा दिवस ३० डिसेंबर, मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागात ही येळवस. छापील पंचांगी मराठीत तिचे 'वेळ अमावस्या' झाले आहे. पण कर्नाटकात हिलाच 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात आणि कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. 'येळ' ऐकून कुणा सुशिक्षिताने ती अशुद्ध 'वेळ' आहे असे समजून दुरुस्त केली असावी, असा माझा तर्क आहे. (आपल्या प्रमाणभाषेने अशा किती दुरुस्त्या केल्या असतील!) या दिवशी लातूर शहर अक्षरशः ओस पडते. दुकाने बंद, रस्ते मोकळे, सगळी माणसे शेतात. ज्याला शेत नाही त्याला कुणाचे तरी निमंत्रण असतेच.

आम्हाला आत्याचे होते. तिचे गाव शहरापासून अर्ध्या तासावर. मोटार लावताना मी सवयीने तिचे तोंड रस्त्याकडे करून ठेवले. आत्या ऐंशीच्या पुढची. तिने आधी मोटारीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आत्ताच निघायलास व्हय?" म्हणाली.

शेतात ज्वारी कमरेच्या वर आलेली. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच पांडव मांडलेले. पूजा झाली, मग पंगत: हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या सगळे एकत्र शिजवलेली आणि बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, बिंदगीतली लसणाची आंबट आंबील. मित्रालाही मी बोलावले होते. तो आला, जेवला, बांधावर आडवा झाला. संध्याकाळी शहराकडे परतणारी वाहने होती. तो कशातच बसला नाही. आम्ही आत्याकडे राहणार होतो, तोही राहिला. त्याला कुणी आग्रह केला नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही.

रात्री ओसरीवर शेजारी-शेजारी अंथरुणे पडली. थंडी होती. दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याबद्दल. "ती जायली, हे मला दिसायलं होतं," तो म्हणाला, "आन् मी रोज वर्गावर जायलो होतो." पुढे तो खूप बोलला, ते इथे लिहिण्याचे नाही. एवढेच नोंदवतो की मी विचारलेले प्रश्नही त्याच क्रियापदांत होते, आणि ते मला सकाळी मुलीने सांगितले तेव्हा कळले. ती आत जागी होती. "बाबा, तुम्ही वेगळेच बोलत होता," म्हणाली.

आपल्या ग्रामीण कथेत निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही वाटणी दीर्घकाळ चालत आली. वर्गात ती शिकवताना आपण वास्तवदर्शन, वाचकाची सोय वगैरे कारणे देतो. मला आता त्या निवेदकाची मोटार दिसते, तोंड रस्त्याकडे करून उभी असलेली. वरच्या परिच्छेदात मीही तेच केले आहे: मित्राचे वाक्य अवतरणचिन्हांत, माझी वाक्ये बाहेर. दुसरे काही मला जमत नाही.

३१ तारखेला सकाळी निघायला दहा वाजले. आत्याने उरलेले उंडे आणि भज्जीचा डबा बांधून दिला, मित्र शहराच्या फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आला. परतीच्या वाटेवरची दोन घरे राहून गेली. एका घरी फोन करून पुढच्या वेळी नक्की येतो असे कळवले. दुसरे घर कुर्डुवाडीच्या त्याच काकूंचे. त्या आता धाकट्या मुलाकडे टेंभुर्णीला असतात. त्यांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने ओरडून सांगावे लागले की या खेपेला जमत नाही, पुढच्या वेळी मुक्कामालाच येतो.

"ये," त्या म्हणाल्या. "पण गाडी आणू नको. यष्टीनं ये."