गाडी उलाळ झाली

मी इंदूरमध्ये घरी बसून अमेरिकेतल्या लोकांसाठी लेख लिहिते. इंग्रजीत बीए झाल्यावर कंटेंट रायटरची नोकरी लागली, तेव्हापासून हेच काम. कधी न पाहिलेल्या बर्फ उपसायच्या यंत्रांवर लिहिलं, गवत कापायच्या गाड्यांवर लिहिलं आणि एकदा ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच कसा लावावा’ यावरही लिहिलं. पाच सोप्या पायऱ्या, 800 शब्द. त्यातलं एक वाक्य मला आजही टोचतं: ‘स्प्रिंग बार जितके घट्ट, तितकी गाडी स्थिर.’

गेल्या वर्षी आजीला सोबत म्हणून मी डॅलसला मामाकडे गेले. मामाने नुकताच एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला होता. ट्रेलर कसला, चाकांवरचं छोटंसं घरच! आत ओटा, पलंग, बाथरूम. पिकअपच्या मागे जोडायचं आणि निघायचं. आजीला पालो ड्युरो कॅन्यन दाखवायची, असं ठरलं.

निघायच्या दिवशी मामाने हिचवर थाप मारली आणि म्हणाला, “तुझा लेख वाचूनच लावलाय बरं का! एकदम घट्ट.”

मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या वेळी अभिमानच वाटला.

विचिटा फॉल्स मागे पडलं तसा वारा वाढला. टेक्सासचा तो भाग सपाट, आडोसा म्हणून काही नाही. एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि मागून कुणी पिकअपची शेपटी धरून हलवावी तसा ट्रेलर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मामीने पुढचं हँडल घट्ट धरलं. आजी माझ्या शेजारी होती, तिने माझा हात धरला. मामाने जोरात ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ हाताने हळूहळू दाबली. झोके कमी होत गेले. पुढच्या ट्रक स्टॉपवर आम्ही थांबलो, तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

आजी मात्र खाली उतरून ट्रेलरला एक फेरी मारून आली. ती वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची लेक. तिने विचारलं, “पाणी कुठं भरलंय? आणि माझे डाळ-तांदळाचे डबे?”

“मागे,” मामा म्हणाला.

“मग गाडी उलाळ झाली की रे! बैलगाडीत मागं जास्त भरलं, तर जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरलं तर धुरजड होते, बैलांची मान मोडते. गाडी भरतानाच बघायचं असतं ते.”

मामा तिच्याकडे बघतच राहिला. माझ्या लेखातल्या पाच पायऱ्यांत सामान कुठे ठेवायचं याबद्दल एक शब्दही नव्हता.

ट्रक स्टॉपवर ट्रक तोलायचा काटा होता. आधी बार काढून दोन्ही गाड्या जोडलेल्या तोलल्या. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता पिकअप तोलला. पिकअपच्या दोन वजनांतला फरक म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा भार. तो निघाला 350 पाउंड, आणि ट्रेलर होता 5,200 पाउंडांचा. म्हणजे सात टक्केसुद्धा नाही. असा भार साधारण 10 ते 15 टक्के असावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलरची शेपटी डोलू लागते.

मागच्या टाकीतलं 40 गॅलन पाणी, म्हणजे दीडशे लिटर, सोडून दिलं. डबे आणि हत्यारांची पेटी पुढे आणली. पुन्हा तोललं तेव्हा भार झाला 600 पाउंड, जवळपास 12 टक्के.

मग हिचकडे वळलो. दांड्याच्या भाराने पिकअपचं मागचं अंग दबतं आणि पुढचं उचललं जातं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सैल होते. स्प्रिंग बार साखळीने ताणले की त्यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. भार वाटला जातो, नाहीसा होत नाही. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर पिकअपची मागची चाकंच हलकी होतात, तेही धोक्याचं.

मामाने टेप काढला. सपाट जागेवर पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजली. नुसता पिकअप असताना 37 इंच. ट्रेलर जोडून, बार न लावता 38. लेखाप्रमाणे घट्ट ताणल्यावर पावणेसदतीस, म्हणजे मोकळ्या गाडीपेक्षाही खाली! पुढचं अंग उचललं गेलं असेल त्याच्या निम्मं किंवा थोडं जास्त खाली यावं, असं मामाच्या पिकअपच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. जॅकने दांडा आणि पिकअपचं मागचं टोक एकत्र उचललं, त्यामुळे साखळीवरचा ताण कमी झाला. दोन्ही बाजूंची एकेक कडी सैल केली. ताणलेला बार निसटला तर हाड मोडेल, म्हणून मामाने मला लांब उभं केलं. पुन्हा मोजलं, सव्वासदतीस. जमलं!

“मामा, ते वाक्य मी न तपासताच लिहिलं होतं,” मी शेवटी म्हटलं.

“आणि मी पुस्तिका न उघडताच वाचलं,” तो म्हणाला. “चल, चहा घेऊ.”

उरलेला रस्ता वारा होताच, पण ट्रेलर मुकाट्याने मागे येत राहिला. कॅन्यनच्या तांबड्या कड्यांसमोर आजीने खिचडी केली.

त्या रात्री मी ऑफिसला मेल लिहिला: लेखात चूक आहे, दुरुस्त करून देते, पैसे नकोत. नव्या लेखाची पहिली पायरी हिचची नाही, सामान भरण्याची आहे. आता कुठल्याही वस्तूवर लिहायला बसले की आधी ती रोज हाताळणारं माणूस शोधते आणि त्याला फोन करते. लेख उशिरा जातो, साहेब कुरकुरतात.

आजीला तो लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, “एवढ्या इंग्रजीत उलाळ कुठं आलं?”

आलं नाही, आजी. त्याला तिथे चार वाक्यं लागली.